खाडीच्या चिखलातील आदिम सृष्टी

मानखुर्द सोडून गाडी वाशीच्या पुलावर आली आणि त्या वेळी ओहोटी असली, की डब्यात एक ओळखीचा वास शिरतो. सडक्या अंड्यांचा. १९९२ साली या पुलावरून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून असंख्य प्रवाशांनी तो वास घेतला आहे आणि बहुतेकांनी त्याचा अर्थ एकच लावला आहे : घाण. त्यात तथ्य नाही असे नाही. ठाण्याच्या खाडीत दोन्ही काठांवरच्या शहरांचे सांडपाणी येते आणि त्यामुळे वास वाढतो. परंतु खाडीला एकही गटार मिळत नव्हते, तेव्हाही खारफुटीच्या चिखलाला हा वास होताच. तो आहे हायड्रोजन सल्फाइड या वायूचा, आणि हा वायू तयार करणारे जीवाणू ऑक्सिजनवाचून जगतात. नुसते वाचून नव्हे. ऑक्सिजन त्यांच्यापैकी बहुतेकांना विषासारखा आहे.

पृथ्वीवर पहिले सजीव निर्माण झाले तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. जीवसृष्टीने आपली पहिली शे-दीडशे कोटी वर्षे अशाच हवेखाली काढली. ते जग पुढे नाहीसे झाले असे आपण समजतो. वस्तुतः ते फक्त खाली सरकले. वाशीला ते चिखलाच्या पृष्ठभागाखाली दोन बोटांवर आहे. या जगाचा पत्ता माणसाला कसा लागला आणि त्यातून सजीवांच्या आरंभाविषयी काय कळले, ते या लेखात पाहू.

प्रथम चिखलच पाहू. ओहोटीच्या वेळी वर दिसते ती तपकिरी-हिरवट, किंचित चकाकणारी साय. ती डायॅटम आणि नीलहरित जीवाणू यांची असते. (जुन्या पाठ्यपुस्तकांत यांनाच नीलहरित शैवाल म्हटले आहे, पण त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, ते जीवाणूच.) हिवाळ्यात खाडीवर उतरणारे लहान रोहित पक्षी चोच उलटी धरून जे गाळून खातात, त्यात मोठा वाटा या सायीचा. सायीखाली एक पातळ करडा थर आणि त्याखाली एकदम काळा चिखल. हा काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. त्यातला एक गोळा उचलून उघड्यावर ठेवला तर काही तासांत तो वरून तपकिरी होऊ लागतो, कारण हवेतला ऑक्सिजन सल्फाइडला गाठतो. आत मात्र तो काळाच राहतो. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून शेकडो पेन्सिली उभ्या केल्याप्रमाणे जी मुळे वर आलेली दिसतात, ती याच कारणाने. खाली श्वास घ्यायला काही नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वाशीच्या खालचा खडक दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. वरचा गाळ तर अवघ्या काही हजार वर्षांचा. प्राचीन आहे तो चिखल नव्हे, त्यात चाललेला जगण्याचा व्यवहार प्राचीन आहे.

हवेवाचून जगता येते ही कल्पनाच विज्ञानाला उशिरा सुचली. १८६१ साली लुई पाश्चर ब्यूटिरिक आम्ल तयार करणाऱ्या किण्वनाचा अभ्यास करीत होता. सूक्ष्मदर्शकाखाली द्रवाचा थेंब ठेवला असता त्याला असे दिसले, की थेंबाच्या मध्यभागी जीवाणू चपळपणे हिंडत आहेत, पण कडेला, जिथे हवा लागते तिथे, ते निश्चल पडले आहेत. त्या काळी हवा म्हणजे जीवन हे समीकरण पक्के होते. पाश्चरने ते उलटे होताना पाहिले. ऑक्सी आणि विनॉक्सी असे सजीवांचे जे दोन वर्ग आपण शिकवतो, त्यांची सुरुवात त्या थेंबातून झाली.

पुढचा टप्पा गाठला तो सर्गेई विनोग्राद्स्की याने. जन्म १८५६चा, कीवमधला. तरुणपणी संगीतविद्यालयात जाऊन आलेला हा गृहस्थ शेवटी चिखलात रमला. गंधकाच्या झऱ्यांत आणि साचलेल्या पाण्यात पांढऱ्या धाग्यांसारखे जीवाणू आढळतात. त्यांच्या पेशीत गंधकाचे चकाकते कण असतात. हायड्रोजन सल्फाइड मिळाला की कण वाढतात, तो तोडला की कण नाहीसे होतात आणि पाण्यात सल्फेट येते. विनोग्राद्स्कीने १८८७ साली याचा अर्थ लावला : हे जीवाणू गंधक ‘जाळून’ ऊर्जा मिळवतात. त्याआधी ऊर्जेचे दोनच मार्ग माहीत होते. वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर जगायचे, नाहीतर दुसऱ्याला खायचे. निर्जीव खनिजाच्या रासायनिक ऊर्जेवर जगणारा सजीव हा तिसरा प्रकार निघाला. उलट दिशेचा व्यवहार, म्हणजे सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे जीवाणू, हॉलंडमध्ये डेल्फ्ट येथे बायरिंक याने १८९५ साली शोधून काढले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असते, तेव्हा या मंडळींना खाडीत कच्च्या मालाची वाण कधीच पडत नाही. कुजणारी पाने आणि सल्फेट घेऊन ते वायू सोडतात. तोच आपल्या डब्यात येतो.

विनोग्राद्स्कीने चिखलाचा अभ्यास करण्यासाठी जी युक्ती काढली, ती शाळेत सहज करता येते आणि का केली जात नाही याचे नवल वाटते. मोठी पारदर्शक बाटली घ्यावी. खाडीच्या काठचा चिखल, त्यात कागदाचे कपटे आणि एका अंड्याचा बलक (किंवा चमचाभर प्लास्टर) मिसळून बाटलीचा बराचसा भाग भरावा. वर चार बोटे खाडीचे पाणी घालावे. बूच सैल ठेवून बाटली खिडकीत ठेवावी, पण कडक उन्हात नको. काहीच करायचे नाही, फक्त थांबायचे. दिवाळीच्या सुटीनंतर भरलेली बाटली वार्षिक परीक्षेच्या पुष्कळ आधी बोलू लागते. तळाचा चिखल काळा होतो. त्याच्या वर काचेलगत कुठे शेवाळी हिरवे, कुठे जांभळट-गुलाबी डाग धरतात आणि सर्वांत वर नेहमीचा हिरवा रंग येतो. बाटली बंदिस्त कपाटात ठेवू नये आणि नाक लावून वास घेऊ नये. हा वायू अल्प प्रमाणात नाकाला लगेच कळतो. जास्त झाला की नाकच बधिर करतो आणि तो घातक आहे. चिखल हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सांगायला नको.

बाटलीतल्या त्या जांभळ्या पट्ट्याने प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण बदलून टाकले. ही कथा शिक्षकांनी जरूर सांगावी, कारण वर्गात हमखास होणारा एक घोटाळा तिच्यामुळे सुटतो. वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. तेव्हा तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधलाच असणार, असे विद्यार्थ्यांना वाटते. त्यांना का दोष द्यावा? १९३० पर्यंत पुष्कळ शास्त्रज्ञांनाही तसेच वाटत होते. डेल्फ्टमध्येच शिकलेला आणि नंतर कॅलिफोर्नियात गेलेला कॉर्नेलिस व्हॅन नील जांभळे गंधक-जीवाणू वाढवीत होता. हे जीवाणू प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून अन्न करतात, पण ऑक्सिजन मुळीच सोडत नाहीत. त्यांना पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड लागतो, आणि बाहेर पडते ते गंधक. व्हॅन नीलने १९३१ साली सरळ त्रैराशिक मांडले. एकीकडे हायड्रोजन सल्फाइड फोडला की गंधक उरते. मग दुसरीकडे जो ऑक्सिजन उरतो तो पाणी फोडल्यामुळेच उरत असला पाहिजे. दहा वर्षांनी, १९४१ साली, रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेले पाणी वापरून हे तपासले, आणि ते खरे निघाले. अंगणातल्या तुळशीचे रहस्य चिखलातल्या जीवाणूने सांगितले!

याचा उत्क्रांतीच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. पाण्याचा रेणू फोडणे अवघड, हायड्रोजन सल्फाइडचा त्या मानाने सोपा. तेव्हा सोपी पद्धत आधी आणि अवघड पद्धत नंतर आली असावी. ऑक्सिजन सोडणारे प्रकाशसंश्लेषण ही जीवसृष्टीची आरंभीची अवस्था नव्हे, तो नंतरचा शोध आहे.

मग आरंभी काय होते? चार्ल्स डार्विनने १८७१ साली आपल्या हुकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात एका लहानशा उबदार डबक्याची कल्पना केली होती. अमोनिया, फॉस्फेट, उष्णता, वीज यांच्या योगाने त्यात प्रथिनासारखे काही तयार होईल. पण पुढे त्याने जी पुस्ती जोडली आहे ती अधिक मोलाची : आज असे काही तयार झाले तर हयात असलेले सजीव ते तत्काळ गट्ट करतील. वाशीच्या चिखलात आज नवा जीव का निर्माण होत नाही, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. तिथे खाणारे फार आहेत.

रशियात ओपारिन याने १९२४ साली आणि इंग्लंडमध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२९ साली, एकमेकांच्या लेखनाची माहिती नसताना, हा विचार पुढे नेला. हॉल्डेन यांचे म्हणणे असे, की आदिम हवेत ऑक्सिजन नव्हता, म्हणून ओझोनही नव्हता; सूर्याचे अतिनील किरण थेट पाण्यापर्यंत पोचत, त्यांच्या ऊर्जेने कार्बनी संयुगे बनत, आणि त्यांना जाळायला ऑक्सिजन किंवा खायला सजीव नसल्यामुळे ती साचत जात. समुद्र म्हणजे त्यांच्या मते गरम, पातळ सूप. आपल्याकडे सार म्हणावे. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले.

स्टॅन्ली मिलर या शिकागोच्या विद्यार्थ्याने १९५३ साली मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांत आठवडाभर विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळवली, हा प्रयोग सर्वांना परिचित आहे, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही. (विनोग्राद्स्कीचे निधन त्याच वर्षी झाले.) मात्र तो शिकवताना एक दुरुस्ती करावी. आदिम हवेत मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन अधिक असावेत असे आता मानतात, आणि अशा मिश्रणातून अमिनो आम्ले कमी मिळतात. म्हणून प्रयोग चुकला असे नव्हे. त्याने शक्यता सिद्ध केली, घटना नव्हे.

खरी अडचण पुढची आहे. सुटे रेणू पाण्यात जोडले कसे जाणार? दोन रेणू जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि सभोवार पाणीच पाणी असेल तर क्रिया उलटी फिरू पाहते. यावरचा एक उपाय खाडीकाठच्या माणसाला चटकन पटेल : काही काळ ओले, काही काळ कोरडे. पुण्याच्या आयसर या संस्थेत सुधा राजामणी यांचा गट अशा ओल्या-कोरड्या आवर्तनांवर काम करीत आला आहे. मेदासारख्या रेणूंच्या सान्निध्यात असे आळीपाळीने वाळवणे-भिजवणे केले, तर सुट्या घटकांपासून आरएनएसारख्या साखळ्या जुळतात असे राजामणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले होते. आरंभ अशा डबक्यांत झाला की १९७७ साली सापडलेल्या खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांपाशी, हा वाद अजून मिटलेला नाही. आणि प्रयोगशाळेत निर्जीवापासून जिवंत पेशी अद्याप कोणीही बनवलेली नाही, हेही विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगावे.

आता कालगणना. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट आहेत. सूक्ष्मजीवांच्या सायीवर गाळ, गाळावर पुन्हा साय, असे थरावर थर चढून हे खडक झाले. ओहोटीला उघडी पडणारी वाशीची साय आणि ते खडक यांची रचना एका जातीची. फरक इतकाच की इथली साय गोगलगाई, खेकडे आणि निवट्या टिकू देत नाहीत. तेव्हा चरायला कोणी नव्हते.

ऑक्सिजन हवेत टिकू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. याचा एक पुरावा आपल्या कोकणपट्टीतच आहे. सिंधुदुर्गातील रेडी आणि गोव्याच्या खाणी ज्या लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहेत, त्याचा मूळ खडक पट्टेदार आहे : लोहाचा थर, सिलिकेचा थर, पुन्हा लोहाचा. गडचिरोलीच्या सुरजागडचेही तसेच. असे खडक जगभर मुख्यतः त्या प्राचीन काळातच तयार झाले. ऑक्सिजन नसताना लोह पाण्यात विरघळून राहते. ऑक्सिजन भेटला की गंजून तळाला बसते. नीलहरित जीवाणूंनी सोडलेला ऑक्सिजन आधी समुद्रातल्या लोहाने पिऊन टाकला आणि मग तो हवेत आला, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. (काही लोह ऑक्सिजनविनाही, प्रकाशावर जगणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंनी साचवले असावे.) मुरगाव बंदरातून जे जहाजे भरभरून गेले, तो एका प्राचीन समुद्राचा गंज होता.

यावरून हेही कळते की वाशीचा चिखल ही प्राचीन समुद्राची हुबेहूब प्रत नाही. तेव्हाच्या समुद्रात लोह भरपूर होते आणि सल्फेट फारच थोडे. आजची स्थिती नेमकी उलट आहे. शिवाय चिखलातले जीवाणू कोट्यवधी वर्षे जसेच्या तसे राहिले, असेही समजू नये. आपल्याइतकीच उत्क्रांती त्यांच्याही वाट्याला आली आहे. जुना राहिला तो धंदा. धंदा करणारे बदलले. वृत्तपत्रांना फार आवडणारा ‘जिवंत जीवाश्म’ हा शब्द म्हणूनच टाळावा.

काळ्या चिखलात आणखी खाली गेले, की सल्फेट संपते. तिथे काठी खुपसली तर बुडबुडे येतात. तो मिथेन, म्हणजे आपला गोबरगॅस. १७७६ साली व्होल्टाने इटलीतल्या एका सरोवराच्या चिखलातून तो गोळा केला होता. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्यापासून मिळालेला वायू दिवाबत्तीला वापरल्याची नोंद आहे. पण तो तयार करणारे सूक्ष्मजीव कोण, हे कळायला १९७७ साल उजाडावे लागले. अमेरिकेत कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील आरएनएची तुलना केली, आणि हे सूक्ष्मजीव नेहमीच्या जीवाणूंपासून इतके दूरचे निघाले की त्यांना वेगळे घराणे द्यावे लागले. आज त्यांना आर्किया म्हणतात. याच घराण्यातली दुसरी मंडळी खाडीकाठच्या मिठागरांत राहते. मीठ धरण्याआधी आगरातले दाट पाणी गुलाबी-तांबूस होते, त्यात मोठा हात मीठप्रिय आर्कियांचा असतो. म्हणजे आगरी लोक ज्यांचा रंग पाहून मीठ पिकत आल्याचे ओळखत, आणि ज्यांच्या वायूवर खेड्यात चूल पेटली, ते जीवाणू नव्हतेच.

आपले स्वतःचे मूळही याच घराण्याकडे जाते, असे आता दिसू लागले आहे. केंद्रक असलेली पेशी, जिच्यापासून तिवर, निवटी आणि माणूस झाले, ती एकट्याची कमाई नाही. आपल्या पेशींतील तंतुकणिका हे एके काळचे स्वतंत्र जीवाणू होते, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली आग्रहाने मांडला. तो निबंध अनेक नियतकालिकांनी नाकारल्यावर छापून आला. आज तो पाठ्यपुस्तकात आहे. चित्रकूटच्या सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत २०१७ साली वर्णिलेले सूक्ष्म जीवाश्म तांबड्या शैवालांचे असतील, तर तोवर अशा पेशी चांगल्या स्थिरावल्या होत्या. पण जीवाणूला पोटात घेणारा तो यजमान कोण होता?

त्याचा माग २०१५ साली उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळात लागला. तिथल्या डीएनएमध्ये अशा आर्किया आढळल्या, की ज्यांच्याकडे केंद्रक असलेल्या पेशींची म्हणून समजली जाणारी कित्येक जनुके होती. त्यांच्या गटाला नॉर्स पुराणातल्या देवनगरीवरून ॲसगार्ड असे नाव मिळाले. पुढे चीनमधल्या खारफुटीच्या गाळातही त्यांचे नातलग आढळले. जपानी संशोधकांनी अडीच किलोमीटर खोल पाण्याखालच्या गाळापासून सुरुवात करून त्यातली एक जाती वाढवली. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला बारा वर्षे लागली होती. एका पेशीच्या दोन व्हायला तिला दोन ते साडेतीन आठवडे लागतात. ती ऑक्सिजनविना जगते, एकटी जगत नाही, शेजारी दुसरा सूक्ष्मजीव लागतोच. आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अंगातून लांब, फाटे फुटलेले हात बाहेर आलेले दिसतात.